बेचाळिसाव्या पानानंतर शिवलेला कागद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धार्मिक पुस्तकांच्या छापखान्यात छत्तीस वर्षे पुस्तकबांधणी करून निवृत्त झालेली, विधवा, मूलबाळ नसलेली, चर्चच्या मंडळीची बाप्तिस्मा घेतलेली सभासद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी तसा दाखला दिला. त्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत गेले. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणाऱ्या माणसांनी माझ्याकडे येणे केव्हाच सोडले.

याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते. हेही रागातच लिहिते आहे, पण सावकाश.

घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची कोठी, माझ्या पुतणीला द्यावे. ती माझ्या दिरांची एकुलती एक मुलगी. शाळेत गणित शिकवते. दीर मंडळीचे पाळक आहेत. पाळकांना मंडळीच्या घरात राहावे लागते आणि निवृत्त झाले की ते सोडावे लागते. ‘तिच्या वडिलांनी माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवू नये’ अशी अट मला घालायची होती. वकिलीणबाई म्हणाल्या, अशी अट कोर्टात टिकत नाही. कदाचित टिकतही असेल आणि बाई खोटे बोलल्या असतील. मी वाद घातला नाही.

या वकिलीणबाई माझ्या पतींच्या विद्यार्थिनी. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनी करावी. त्यांच्या हाती कागद हरवत नाहीत.

माझी हत्यारे: टोचा, हाडाची पट्टी, पुस्तकाची पाठ गोल करायची हातोडी आणि लाकडी दाब. हे सगळे छापखान्यातल्या डावखुरीला द्यावे. तिच्या उलट्या हाताला सगळे हसत. शिवण मात्र तिचीच सरळ. छापखान्याच्या व्यवस्थापकांना काही नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचे घड्याळ दिले, ते बंद होते. ते परत करावे.

बँकेतली शिल्लक रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या परिचारिकेला द्यावी, जी माझ्या पतींचे ओठ ओल्या कापसाने पुसताना रोज त्यांना विचारत असे, “सर, पुसू का?” उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होते. तरी विचारत असे. ते तिथे होते त्या त्रेपन्न दिवसांत त्यांना विचारून काही करणारी ती एकटीच.

माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. मंडळीतले काही जण म्हणतील, मग पुनरुत्थानाच्या दिवशी कशी उठणार? ज्याने मातीतून माणूस घडवला, त्याला टेबलावरचे चार तुकडे जड जाणार नाहीत. माझ्या उपचारांविषयीचा कागद वेगळा केला आहे, कारण मृत्युपत्र मेल्यावर उघडतात आणि मला यंत्राला लावतील तेव्हा ते काही उपयोगाचे नाही. त्या कागदाच्या चार प्रती आहेत. चारही ठिकाणे वकिलीणबाईंना माहीत आहेत.

आता दिरांचा विषय. त्यांना द्यायची वस्तू एकच आहे, पण ती का, हे लिहिल्याशिवाय कोणाला कळणार नाही.

माझे पती कायदा शिकवत आणि मंडळीच्या मासिकात श्रद्धा आणि कायदा यांवर लेख लिहीत. त्यांना स्नायूंची नस न् नस सुकवणारा आजार झाला. आधी खडू सुटला, मग चमचा. पुढे श्वास सुटणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. हातात पेन धरता येत होते तोवर त्यांनी एक कागद लिहिला: ‘माझा श्वास थांबला तर यंत्राने चालवू नये. ज्याने तो दिला, त्याने परत मागितला तर त्याचा हात अडवू नये.’ कायद्याला दोन साक्षीदार लागतात. पहिली सही आमच्या डॉक्टरांनी केली. दुसऱ्या सहीसाठी पतींनी धाकट्या भावाला बोलावले.

दिरांनी कागद दोनदा वाचला. “दादा, जीव देवाचा. आपण कोण?”

“म्हणूनच तर लिहिलंय. देवाचा आहे, रुग्णालयाचा नाही.”

“मला प्रार्थना करू दे. घरी नेतो, उद्या सही करून आणतो.”

मी म्हटले, “भाऊजी, आत्ताच करा की, पेन हे इथे आहे.” पती म्हणाले, “नेऊ दे त्याला. जबरदस्तीची साक्ष साक्ष नसते.” प्रत काढली नव्हती. ती दोन सह्या झाल्यावर काढायची होती. कागद हातचा सोडण्याआधी प्रत ठेवा, हे तीस वर्षे पोरांना शिकवले, तेच घरी करायचे राहिले.

कागद आला नाही. मी दोनदा विचारले. दोनदा ‘प्रार्थना चालू आहे’ असे उत्तर आले. तीन आठवड्यांनी दुपारच्या जेवणाला बसलो असता यांचा श्वास अडकला. रुग्णवाहिकेला फोन मी केला. हे इथे लिहून ठेवते, कारण ते दुसरे कोणी लिहिणार नाही. माणूस डोळ्यांसमोर निळा पडताना कागदावरचे शब्द आठवत नाहीत. रुग्णालयात पोहोचेपर्यंत मेंदू गेला होता आणि नळी घशात होती.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारले, “कागद कुठे आहे?” आमचे डॉक्टर सांगत होते, “मी स्वतः त्यावर सही केली आहे.” मोठे डॉक्टर म्हणाले, “तुमचं खरं असेल, पण मला कागद दाखवा.” मी दिरांकडे पाहिले. सगळ्यांसमोर ते म्हणाले, “वहिनी, कसला कागद? दादा असं लिहिणारच नाही.”

भाऊच विरोधात म्हटल्यावर रुग्णालय यंत्राला हात लावीना. त्रेपन्न दिवस. पाठीला जखमा पडल्या. रविवारी उपदेशात दीर सांगत, माझा भाऊ श्वासाश्वासाने साक्ष देत आहे. लोक रडत. त्रेपन्नाव्या दिवशी हृदय आपसूक थांबले. देवाने कोणाचीही सही मागितली नाही.

पुढच्या वर्षी दिरांनी त्यावर पुस्तक लिहिले. यांच्या खोलीतली प्रार्थना, यांचे न लिहिलेले विचार, सगळे त्यात आहे. ते आमच्याच छापखान्यात छापले. आठशे प्रती. निम्म्या मी शिवल्या. पोटासाठी माणूस काय काय शिवतो.

त्यानंतर दोन वर्षांनी चर्चच्या शिपायाने व्यासपीठावरचे मोठे पवित्र शास्त्र बांधणीसाठी आणून दिले. पाठ उसवली होती. पाळक परगावी होते; त्यांना विचारायचे कोणाला सुचले नाही. मागचा पुठ्ठा सोडवला, तर पुठ्ठा आणि अस्तर यांच्या मध्ये चौघडी केलेला कागद. अक्षर यांचे. खाली डॉक्टरांची सही. आणि त्याखाली दिरांची सही, नेल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घालून.

म्हणजे सही केली होती. न करणाऱ्याला मी समजू शकले असते.

शास्त्र नीट बांधून मी स्वतः घेऊन गेले. कागद टेबलावर ठेवला. दिरांनी तो उघडून आपली सही पाहिली. मग म्हणाले, “सही केली आणि घाबरलो, वहिनी. वाटलं, मी दादाला मारतोय. शास्त्रात ठेवला, म्हटलं देवच बघेल.”

“आणि रुग्णालयात?”

“वाटलं, चमत्कार होईल.”

“चमत्कारासाठी खोटं लागतं होय, भाऊजी?”

ते रडले. मी बसून राहिले. पाणी विचारले नाही.

या गोष्टीला नऊ वर्षे झाली. मंडळीत मी हे कोणाला सांगितले नाही. पुतणीचे लग्न व्हायचे होते, आणि नंतर सांगण्याची वेळ निघून गेली असे लोक म्हणाले असते. दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी गप्प होते. शेजारणीला वाटते, मला ठसका लागला. क्षमा मी मागून पाहिली, देऊन पाहिली. माझ्याकडे ती निघत नाही. नसलेली चीज मृत्युपत्रात लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

जी आहे ती अशी. दिरांच्या पुस्तकाची एक प्रत मी उसवली. बेचाळिसाव्या पानावर ते लिहितात की दादाने शेवटपर्यंत जगण्याची इच्छा धरली. त्या पानानंतर तो मूळ कागद घालून प्रत पुन्हा शिवली. डिंक वापरला नाही, मेण लावलेला दोरा वापरला. कागद ओढून काढायला गेल्यास पुस्तक सुटे होईल. ही प्रत मंडळीच्या वाचनालयाला द्यावी आणि त्यांच्या इतर पुस्तकांशेजारी ठेवावी. वाचनालयाच्या किल्ल्या पाळकांकडे असतात. म्हणजे ती पहिल्यांदा त्यांच्याच हाती पडेल. त्यांना द्यायची वस्तू म्हटली ती हीच.

मागच्या महिन्यात मी त्यांना ती दाखवली. आता त्यांची नजर अधू झाली आहे. कागद त्यांनी बोटांनी चाचपला. शिवणीवरून बोट फिरवले.

“पक्की आहे,” म्हणाले.

“माझं कामच ते.”

“वहिनी, एवढं ऐका. मी गेल्यावर ठेवा हे.”

ही विनंती त्यांनी केली, हे मी येथे नोंदवते. मान्य केलेली नाही.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली व त्यांनी माझ्या देखत केली. तिघांचे पेन एकच होते.

सही: लिहून देणारी

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या शिंपीणबाई
साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे चष्मेवाले

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: महिन्याची एकोणीस, शनिवार, सकाळी अकरा