पहिल्या रांगेची फिरकी

११ जानेवारी

घेतलं मला! दुपारी फोन आला तेव्हा भांडी घासत होते. हात फेसाने भरलेले, फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला. रविवारच्या विनोदी कार्यक्रमात दर आठवड्याला दहा मिनिटं. देशभर दिसणार! पंचवीस वर्षं आपल्याच लोकांच्या हॉलमध्ये त्या खरखरणाऱ्या माइकवर घसा फोडला — आता बघा म्हणावं.

पहिला फोन दादाला. तो लॉन्ड्रीत कामावर होता, मागे मशिनांची घरघर. म्हणाला, "ठमे, आता आम्हाला ओळख तरी दाखवशील ना?" आणि स्वतःच हसला. मला चिडवल्याशिवाय हा माणूस एक वाक्य पुरं करेल तर शपथ.

१९ जानेवारी

वाहिनीच्या ऑफिसात बैठक. काचेची खोली, सगळ्यांपुढे एकसारख्या पाण्याच्या बाटल्या. निर्माता इतका गोड बोलतो की त्याचं नाव मी तिथल्या तिथे साखरतोंड्या ठेवलं. (मनात!)

विचारत होता, तुमचे कार्यक्रम असतात तरी कसे? समजावताना नाकी नऊ आले. म्हटलं, आमच्याकडे लग्न असो की वाढदिवस, मी पहिल्या रांगेत बसलेल्यांची फिरकी घेते. पण त्याआधी आठवडाभर त्यांच्या घरी जाऊन चहा पिते. कुणाचं काय घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते तिथेच ठरतं. शिंप्याचा धाकटा भाऊ घर सोडून गेला, त्यावर चकार शब्द नाही. पण शिंप्याच्या स्वतःच्या सदऱ्याला कधी सगळी बटणं नसतात, ते चालेल. उलट लोक रुसतात — "गेल्या वेळी सुताराची घेतलीत, मी तुमचं काय घोडं मारलंय?" ज्याची फिरकी घेतली तो आपला. एवढं साधं आहे.

"वा!" साखरतोंड्या म्हणाला. "पण इथे पहिल्या रांगेत तुमचे लोक नसतील. तुम्ही आम्हाला त्यांच्याबद्दल सांगा."

मी मान डोलावली. नमुना म्हणून दाराचा किस्सा सांगितला. भाची जन्मली तेव्हाचा. दादा नुकताच या देशात आलेला. कोपऱ्यावरच्या दुकानाचं दार आपोआप उघडायचं. याला वाटायचं, आत कुणीतरी माणूस बसलाय, तो आपल्याला बघून उघडतो. म्हणून हा रोज वाकून त्याचे आभार मानायचा! मुलगी झाली तेव्हा त्या माणसासाठी मिठाईचा वेगळा डबा घेऊन गेला आणि गल्ल्यावर विचारलं, "दार उघडणारे साहेब आज सुट्टीवर आहेत का?"

हॉलमध्ये हे सांगितलं की दादा उठून चारी बाजूंना वाकतो. मग शिंपी ओरडतो, "मी सरकत्या जिन्यापाशी बूट काढून ठेवले होते!" मागून आणखी कुणी आपलं सांगतो. किस्सा मी सुरू करते, संपवतात ते.

काचेच्या खोलीतही सगळे खूप हसले. आपलं असं कुणी काही सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी

पहिलं चित्रीकरण. त्यांचा लेखक — गळ्यात चष्मा लटकवणारा पोरगेला माणूस — हळूच म्हणाला, "तुम्ही आमची भाषा फार स्वच्छ बोलता. थोडं अडखळा ना. तुमच्या लोकांसारखं."

पंचवीस वर्षं घासून घासून शिकलेली भाषा कवळीसारखी काढून ठेवायची! ठेवली. दाराचा किस्सा अडखळत सांगितला. लोक खुर्च्यांवरून पडायचे तेवढे बाकी राहिले.

१० फेब्रुवारी

सलूनवाल्याने दुकानात टीव्ही लावून सगळ्यांना जमवलं होतं म्हणे. हा सलूनवाला माझ्या आधी पाच मिनिटं नकला करून हॉलमधल्या लोकांना जागेवर बसवायचा. बरा आहे, पण घाई फार. फोनवर म्हणाला, "मस्त झालं, बाई." मग थांबून, "दाराचं संपल्यावर कुणी काही ओरडलं नाही का तिथे?" म्हटलं, ओरडत नसतात, तिथे शिस्त असते.

उगाच बोलले. पण तोही कशाला विचारतो?

२ मार्च

किस्सा एवढा चालला की त्यांनी आता त्याचं नाटुकलं केलंय. खरंच सरकतं दार आणलं. दादाचं काम करायला एक नट — त्यांचाच. त्याला उशी बांधून पोट लावलं. मी म्हटलं, माझा भाऊ काडी आहे नुसता. साखरतोंड्या म्हणाला, "पोट असलं की लोक आधीच हसतात." नट दारापुढे वाकला, दार त्याच्या डोक्यावर आपटलं. मूळ किस्स्यात दार कुणावरच आपटत नाही! मिठाई तर काढूनच टाकली. "मिठाईमुळे गोष्ट लांबते."

मीही सगळ्यांबरोबर हसले. बोलायला हवं होतं हे आत्ता लिहिणं सोपं आहे.

२० मार्च

वहिनीचा फोन. आधी दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. मग म्हणाली, "वन्सं, एक सांगू? यांनी नाही सांगितलं हं, मीच म्हणतेय. दाराचं तेवढं आता पुरे करा."

लॉन्ड्रीतली माणसं सकाळी दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहतात आणि दादा आला की वाकतात. परवा मुकादमाने त्यालाच वाकायला लावलं, मोबाइलवर घेण्यासाठी. "वाकले हो. हसत हसत वाकले. घरी आले ते जेवलेच नाहीत."

मला इतका संताप आला! मुकादमाचा नाही — वहिनीचा. हाच किस्सा ऐकून इतकी वर्षं पोट धरधरून हसलीत ना? भाची लहानपणापासून मागे लागायची, "आत्या, माझ्या लग्नात दाराचं तूच सांगायचं." तेव्हा गोड होता आणि आता अचानक कडू झाला? माझं नाव झालं ते खुपतंय, दुसरं काही नाही. आपल्यातला कुणी वर चढला की खालून पाय ओढायला सगळे टपलेले.

वहिनीला म्हटलं, बघते.

२१ मार्च

दादाला फोन करणार होते. केला नाही.

९ एप्रिल

साखरतोंड्याला नवे किस्से हवेत. म्हणून पूर्वीसारखी चहाला निघाले. शिंप्याकडे गेले तर कप बदललेले! पूर्वी कान तुटलेला कप माझा म्हणून ठरलेला असायचा. आज बशीसकट नवा संच. शिंपी सदऱ्याची सगळी बटणं लावून बसला होता. "कसं चाललंय?" "ठीक." "दुकान?" "ठीक." त्याची नात शाळेतली काहीतरी गंमत सांगायला लागली तर आजीने दटावलं, "गप. उद्या टीव्हीवर येईल."

सुताराकडे तेच. सगळं ठीक. अख्ख्या वस्तीत एकाही माणसाचं काही बिघडत नाही आता! घरी येऊन मीच दोन किस्से रचले. अगदीच पांचट. वाहिनीवर दोन्ही चालले. त्यांना फरक कळत नाही, आणि मला वाटलं होतं कळेल.

१ मे

वर्षाचा मोठा कार्यक्रम ठरला. नाट्यगृहात, तिकीट लावून, सगळीकडे थेट दिसणार. साखरतोंड्याला म्हटलं, या वेळी दार नको. तो लगेच माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. (हा माणूस जवळ आला की समजावं आपलं काही खरं नाही.) "बाकी काहीही बदला. दार राहू द्या. लोक दारासाठीच येतात."

म्हणजे माझ्यासाठी नाही! हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

१२ मे

दादाकडे गेले. ठरवूनच गेले — विचारायचं, सांगू का शेवटचं एकदा? इतरांच्या घरी जाऊन विचारते, सख्ख्या भावाला कधी विचारलंच नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

तो पायऱ्यांवर कुंड्यांना पाणी घालत होता. वाळलाय. म्हणाला, "ये. तब्येत बरी ना?" मग, "काम कसं चाललंय?" मग, "दमत असशील." बशी पुढे केली, खा म्हणाला. एकदाही चिडवलं नाही. मी मुद्दाम नवीन बूट पुढे केले. एरवी त्याने त्या बुटांवर पाच मिनिटं काढली असती. "छान आहेत," म्हणाला.

शेवटी विचारलंच. त्याने झारी खाली ठेवली. "तुला लागत असेल तर सांग. तुझं काम आहे ते."

'लागत असेल तर'. उसना स्क्रू-ड्रायव्हर मागितल्यासारखं. मी वाटभर रडत आले, आणि रडता रडता त्याला शिव्या घातल्या. नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं ना सरळ! माझ्यावर कशाला टाकलं?

२६ मे

सांगितला.

२७ मे

सगळं नाट्यगृह उभं राहिलं. फुलं, फोटो, साखरतोंड्याच्या डोळ्यांत पाणी. रंगपटात आपल्यातलीच एक बाई फरशी पुसत होती. चेहऱ्यावरून, चालण्यावरून लगेच ओळखलं. आपल्या भाषेत म्हटलं, "राहू द्या हो मावशी, बसा जरा." तिने त्यांच्या भाषेत उत्तर दिलं — "नको, मॅडम." आणि त्यातही ती मुद्दाम अडखळली. माझ्यासारखी, टीव्हीवरच्यासारखी. हुबेहूब! माझ्याकडे बघत होती. मला हसायचं होतं, जमलं नाही.

३० जून

पोस्टाने लग्नपत्रिका आली. भाचीची. पोस्टाने! दोन गल्ल्या सोडून राहतात. माझ्या नावापुढे 'सुप्रसिद्ध' छापील.

फोन केला. भाची म्हणाली, "आत्या, तू एवढी कामात असतेस, तुला कुठे त्रास द्यायचा? कार्यक्रमाचं सलूनवाल्या काकांना सांगितलंय. पण तू यायचंच हं! पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय."

म्हटलं, येते की. आनंदाने म्हटलं! नटी झालेच आहे आता.

१३ जुलै

सलूनवाला चहाला आलाच नाही. ज्यांची ज्यांची घ्यायची त्या सगळ्यांकडे जाऊन आला, शिंप्याकडे तर दोनदा गेला म्हणे. उद्या लग्न. असेल, माझ्याकडे यायची त्याला गरज वाटली नसेल, मला सगळं चालतं हे त्याला माहीत आहे. घ्या म्हणावं काय घ्यायची ती! अडखळण्याची घ्या, उशीच्या पोटाची घ्या, 'सुप्रसिद्ध'ची घ्या. घ्यायलाच हवी. चांगली सोलून काढली तर उद्या सगळं मिटेल. दादा हसेल, मी हसेन, वहिनी तुटका कप काढेल. माझ्यावर काय काय घेता येईल याचा मीच आज दिवसभर विचार केला. त्याला सुचलं नाही तर हळूच सांगेन.

१५ जुलै

सलूनवाल्याने दाराचाच किस्सा घेतला. शब्द न शब्द माझा, मिठाईसकट. दादा उठून चारी बाजूंना वाकला, शिंपी बुटांचं ओरडला, आणि दादा डोळे पुसेपर्यंत हसला. किस्सा त्याला कधी खुपलाच नव्हता.

मग सलूनवाला रांगेने एकेकाची घेत माझ्यापर्यंत आला. मी सावरून बसले. त्याने माइक खाली घेतला, "मॅडम वेळात वेळ काढून आल्या, त्यांचे आभार," असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानेही वाजवल्या. माझ्या शेजारी नवऱ्या मुलाचा मामा होता, आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच आलेला. त्याच्या टकलाची मात्र मनसोक्त घेतली.