दोर वेळेर सुटांदे

३ नोव्हें., सोम.
शालू कोल्हापुराहून आली. जावई रजा मिळाल्यावर येतील. उपचारांची ही शेवटची खेप, लेकीचं वय एकेचाळीस. एकच गर्भ गोठवून ठेवलाय, तपासणीचा निकाल सात-आठ दिवसांत. गुणसूत्रं बरोबर निघाली तर पुढे. "नायतर संपला," म्हणाली. बांगडे साफ करता करता.

४ नोव्हें.
दु. शालूने समजावलं. बाईची बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. गुणसूत्रांच्या जोड्या तेव्हाच प्रथिनांच्या कड्यांनी बांधून ठेवलेल्या. पुढे त्या कड्या जवळजवळ बदलतच नाहीत. बीज पिकताना दुसरं एक प्रथिन त्या कापतं, जोड्या दोन बाजूंना ओढल्या जातात. कडी आधीच झिजून सुटली, तर एखादं गुणसूत्र भलतीकडे.
मी म्हटलं, "रापणीचो दोर. जुनो झालो की जाळां ओढताना दगो देता."
"माका जुनो दोर म्हणतास?" हसली. बऱ्याच दिवसांनी.
ओढ दोनदा बसते, म्हणाली; मधली गाठ मात्र पहिल्या ओढीत सुटायची नाही, दुसऱ्या वेळीच. तिला जपणारं प्रथिन निराळं. जपानी लोकांनी त्याला राखणदेवतेचं नाव दिलंय म्हणे.
म्हणजे आमचो राखणदार.

६ नोव्हें.
सकाळपासून एकच आठवण. शालूच्या वेळी सुमनच्या पोटाशी बसून शाळेतल्या कविता म्हणायचो, चालीवर. सुमन म्हणायची, "जल्माक येवच्या आधीच शाळा घेतास?"
ही बीजं तेव्हा शालूच्या आत. म्हणजे तीही त्याच वर्गात.
सुमन असती तर

८ नोव्हें.
राखणदाराला नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराने मुलगा की मुलगी ते विचारलं, "काय मागूया काकानू, झील की चेडू?"
"तां नको. दोर वेळेपर्यंत टिकलेलो आसांदे, वेळेर सुटलेलो आसांदे."
त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पण मागितलं तसंच. दोघा-तिघांनी "होय म्हाराजा" म्हटलं.
घरी शालू वैतागली. "बाबानू, जां व्हायचा तां बीज पिकतानाच झाला. आता मागान काय उपयोग?"
"पेपर देऊन झाल्यावरच देव आठवता गो."
नारळाचं खोबरं खाल्लंन मात्र.

११ नोव्हें.
दवाखान्याचा फोन आला. शालू तो घेऊन खळ्यात गेली, तुळशीपाशी पाठमोरी उभी आहे. नुसतं "हो, हो" ऐकू येतंय. हाताला काम हवं म्हणून हे लिहितोय. सुमनच्या पोटाशी म्हणायचो त्यातली एक कविता म्हणून पाहिली. शेवटचं कडवं आठवत नाही. ऐकून ऐकून सुमनला पाठ होतं.
शालू अजून वळली नाही.