आत्याबाईंचा ‘पुट’

आत्याबाई,

लग्न होऊन बीदरकडच्या या मेहकरला आले त्या दिवसापासून मी तुम्हाला सासूबाई कधी म्हटलं नाही, आत्याबाईच म्हणत आले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी वर्गात इंग्रजीचं पुस्तक उघडलं की पहिल्यांदा तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं येतं. तुम्ही होतात तेव्हाची गोष्ट, मी शिक्षक भरतीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होते. पहिल्या खेपेला इंग्रजीनंच पाडलं होतं. तुम्ही भाकरी थापताय, मी चुलीपुढं वही घेऊन बसलेय, आणि वहीवर टपटप पाणी पडतंय.

“कामून रडायलीस?” तुम्ही विचारलंत.

“हा ‘पुट’ डोक्यात शिरंना, आत्याबाई. पुट म्हणजे ठेवणं. पण पुट ऑन म्हणजे कपडे घालणं, पुट आऊट म्हणजे विझवणं, पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं. ह्यात ठेवणं कुठंय?”

तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, वर पाणी फिरवलंत आणि म्हणालात, “दार लाव म्हनलं तर काय करतीस?”

“बंद करते.”

“आन् दिवा लाव म्हनलं तर?”

“पेटवते.”

“कुंकू लाव म्हनलं तर कपाळ पेटवतीस का? रोप लाव, कुलूप लाव, जीव लाव. कुठल्या बुकात वाचलीस हे समदं?”

“कुठल्याच न्हाई.”

“मग? बोलून बोलून आलं की. ठिव ते बुक आन् बोल माझ्यासंगं.”

त्या दिवसापासून आपल्या घरात काय धुमाकूळ सुरू झाला! तुम्हाला सही येत नव्हती, पण आठ दिवसांत तुम्ही मला हुकूम सोडायला लागलात. “चूल पुट आऊट कर.” “भांडी पुट अवे कर.” मामंजी ओसरीवर बिडी ओढत बसलेले असायचे, त्यांना तुम्ही आतून ओरडायचात, “आंघूळ पुट ऑफ करू नगा!” ते बिचारे मला विचारायचे, “ही काय म्हनायलीय गं?” एकदा मी तुम्हाला पुट अप विथ सांगितला, म्हणजे सहन करणं. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि ओसरीकडं बोट दाखवलंत. “व्हय व्हय, हे मला कवाचंच येतंय. ह्यांना पुट अप विथ करायले की इतकी वर्सं.” आपण दोघी इतक्या हसलो की तव्यावरची भाकरी करपली, आणि ती मामंजींच्याच ताटात गेली.

परीक्षा आली तेव्हा तुरीची रास खळ्यावर पडली होती. माणसं मिळत नव्हती. खरं सांगायचं तर मला पुन्हा नापास व्हायची भीती वाटत होती, आणि तुरीचं निमित्त आयतं सापडलं होतं. सगळे जेवायला बसलेले असताना मी म्हणाले, “राहू दे, पुढच्या वर्षी देते.” तुमचा हात ताटात तसाच थांबला. “पुट ऑफ करायलीस?” तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की मामंजींचा घास खाली पडला. “समदे पुट चालतील, हा एक माझ्या घरात चालायचा न्हाई. तुरीचं मी बघते.” दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला बीदरच्या गाडीत बसवलंत आणि तशाच खळ्यावर गेलात. निकाल कळला तेव्हा गावात माझ्याआधी तुम्हीच सांगत फिरलात, “आमी पास झालो.”

आता मी चिटगुप्प्याजवळच्या शाळेत शिकवते. वर्गात निम्मी पोरं कन्नड बोलणारी. त्यांना मी ‘हाकू’ विचारते, कारण कन्नडमध्ये दार लावणंही हाकू, कपडे घालणंही हाकू आणि कुलूप लावणंही हाकू. पोरांना खूप मजा वाटते. ‘पुट’ झाला की ‘टेक’, मग ‘गेट’. वर्गात नुसता गोंगाट असतो आणि मी तो होऊ देते.

मागच्या महिन्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला ही रीत सगळ्यांपुढं करून दाखवायला सांगितली. साहेबांनी विचारलं, “मॅडम, हे कुठं शिकलात?” मी म्हणाले, “असंच सर, अनुभवातून सुचलं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंगठा करणाऱ्या सासूनं शिकवलं म्हणायला जीभ रेटली नाही. तुम्ही असता तर घरी आलेल्या प्रत्येक पत्रासारखं हेही मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं, आणि ही शेवटची चार वाक्यं गुपचूप गाळली असती.