आत्या दहावीला बसते

५ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

पन्नाशीनंतर तू दहावीला बसतेयस हे बाबांकडून कळलं. ऊर भरून आला. शाळेत मी मुलांना अभ्यासाचं नियोजन शिकवतो, मग घरच्या विद्यार्थिनीला वाऱ्यावर कसं सोडू? सोबत वेळापत्रक पाठवलंय. पहाटे गणित, कारण तेव्हा मेंदू ताजा असतो. संध्याकाळी विज्ञान, रात्री उजळणी आणि शेवटी दिवसभरात काय साधलं याचं चिंतन. ध्येय ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लाव. अभ्यासाला बसलीस की दार लावून घे. कुणी हाक मारली तरी उठायचं नाही.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

तुझा भाचा

१६ ऑगस्ट

चि. मास्तरांस अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा.

वेळापत्रक पोचलं. काय देखणं आहे रे! सासूबाईंना वाटलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका आली. पहाटे मेंदू ताजा असतो म्हणतोस, तो त्यांचा असतो. नेमकं तेव्हाच त्यांना न्हाणीघरात न्यावं लागतं, चादर बदलावी लागते. दिवसभर मी कारखान्यात शाळांचे गणवेश शिवते, ते तुझ्या रंगीत चौकटींत कुठे सापडलं नाही. स्वयंपाक नाही, धुणं नाही. चिंतन मात्र आहे! काल केलं. भिंतीला डोकं टेकून घोरत होते म्हणे. आणि दार लावून काय होणार? खोली एकच. सासूबाई आत आणि मीही आतच.

ध्येय भिंतीवर लावलंय. पोपडे झाकले गेले.

लोभ आहेच. वाढवायला तुझ्या तक्त्यात जागा असेल तर वाढव.

आत्या

२ डिसेंबर

ती. आत्यास सा. न.

चेष्टा पुरे. सराव परीक्षेत गणितात नापास झालीस, असं बाबा म्हणाले. कारणं सगळ्यांकडेच असतात. बाबांच्या दहावीच्या वर्षी घर माणसांनी भरलेलं होतं, तरी काटेकोर नियोजनाने ते पहिल्या वर्गात आले. मी दर वर्षी मुलांना त्यांचा दाखला देतो. मनावर घेतलं की वेळ निघतो, आत्या.

रागावू नकोस.

तुझा भाचा

१० डिसेंबर

चि. मास्तरांस आशीर्वाद. चिमटा या वेळी जरा मोठा आहे.

वेळ निघतो, अगदी बरोबर. फक्त तो कुणाच्या अंगातून निघतो, तेही मुलांना सांगत जा. दादाच्या दहावीला आमची आई अंथरुणाला खिळली होती. मी नववीत होते. त्याला चहा गरम लागायचा, जेवण वेळेवर लागायचं, धाकट्यांचा आवाज खपायचा नाही. म्हणून माझं नाव शाळेतून काढलं, वर्षापुरतं. ते वर्ष अजून संपायचंय. ज्या वेळापत्रकाचं तू कौतुक करतोस, ते म्हणजे मी रे बाबा!

राग नाही, असं म्हणणार नाही. गणित मला त्याच्याहून बरं यायचं.

हे पत्र त्याला दाखवू नकोस. माया ठेव, उपदेश आवर.

आत्या

२० डिसेंबर

ती. आत्यास सा. न.

तू नको म्हणालीस तरी पत्र बाबांना दाखवलं. ते एवढंच म्हणाले, की बीजगणित तीच मला समजावायची. परीक्षा होईपर्यंत तुझ्याकडे राहायला येताहेत. त्यांची बॅग अर्थात आईनेच भरली. त्यांना चहासुद्धा करता येत नाही, ही पूर्वसूचना.

तो दाखला देणं मी बंद केलंय. परवा वर्गात विचारलं, की तुम्ही अभ्यासाला बसता तेव्हा घरात उभं कोण असतं? मुली हसल्या. मुलगे छताकडे बघत बसले. मलाही छतच बरं वाटलं.

चुकलं माझं.

तुझा भाचा

८ जून

चि. मास्तरांस भरघोस आशीर्वाद.

पास झाले! गणितातसुद्धा, आणि काठावर नव्हे.

तुझे बाबा आले तेव्हा आधी मीच त्यांचा पाहुणचार करत होते. मग एकदा भात करपला. मी पातेलं घासायला घेतलं तर दादा ओरडला, अभ्यासाला बस म्हणून. सासूबाई त्याला नवी बाई म्हणतात आणि रोज कामावरून काढायची धमकी देतात. माफी मागितली का, विचारशील. तोंडाने नाही. पण गणिताच्या पेपरला निघाले तेव्हा चहा घेऊन दारात उभा होता. साखर विसरला होता. मी सगळा प्याले.

परीक्षेनंतरही थांबलेला तो निकाल लागल्यावर बॅग भरायला लागला. मी म्हटलं, अकरावीला नाव घातलंय. तो बॅग तशीच टाकून, पिशवी उचलून भाजी आणायला गेला.

तुझ्या आईला सांग, तिची सुट्टी वाढली.

आत्या, दहावी पास