तळमजल्याला पाणी कमी

५ नोव्हेंबर २००६, रविवार
आजपासून रोज लिहायचं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मला वाटलं म्हणून.
काल डायबेटीसवाल्या डॉक्टर ममता. वय आमच्या लेकीएवढं, स्वप्नालीएवढं. दंडाचं प्रेशर घेतलं, मग घोट्याला पट्टा आवळून तिथलंही घेतलं. पायाचं प्रेशर! उद्या गुडघ्याला जीभ दाखवायला सांगतील. म्हणे पायाला रक्त कमी पोचतंय, धमन्या अरुंद झाल्यात. इतकी वर्षं सोसायटीचं पाणी मी सांभाळतोय. तळमजल्याला धो धो, तिसऱ्या मजल्याला करंगळीएवढी धार, हा नियम. मग माझ्या अंगात तळमजलाच कोरडा कसा? मशीन बिघडलेलं.

६ नोव्हेंबर
नळी ती नळी. गंज चढला की फ्लश मारायचा. बिजासाराचा लाकडी पेला आणला. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी चहासारखं लाल होतं, ते प्यायचं. धमन्या लखलखीत होणार.
बिडी आजपासून बंद.

८ नोव्हेंबर
बिडी फक्त गच्चीवर, टाकीची पाहणी करताना. मोकळ्या हवेत धूर आत जात नाही.

११ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंना फ्लशचं समजावून सांगितलं. हसल्या. काका, म्हणे, तुमची नळी लोखंडाची, ही जिवंत आहे. पाय चालायला लागले की आतलं अस्तर तिला सांगतं, रुंद हो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ते अस्तर मुकं होतं, आणि बिडी त्याचा गळाच दाबते. अस्तर! मी काय कोट आहे?
औषध काय, तर गोळ्या आणि चालणं. पोटरी दुखली की थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. जानेवारीपर्यंत फरक पडला नाही तर मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे. मी ठणकावून सांगितलं, पोटरी दुखत नाही. सुचेताने माझ्याकडे नुसतं बघितलं. येताना रिक्षात विचारते, अहो, पाय कापत तर नाहीत ना? आणि रडली. बायकोला रडायला रिक्षाच सापडते.

१५ नोव्हेंबर
सुचेताबरोबर चालतोय. याला चालणं म्हणायचं? राई गावाहून शेवंती भाजी विकायला येते, तिच्यापुढे ही उकिडवी बसते. भेंडी एकेक मोडून बघते आणि घेत काहीच नाही. पुढे बांगडीवाला. पुढे स्टीलची भांडी. चार पावलं टाकली की नवीन दुकान. मी आपला खांबासारखा उभा. पोटरीत जरा ओढल्यासारखं होतं, ते या उभं राहण्यामुळेच.

१९ नोव्हेंबर
आजही तेच. भेंडी. आज तर पाठीमागून ओढून थांबवलं, म्हणे टोपलीतला मुळा बघा किती ताजा. मुळा आमच्या घरात कुणी खात नाही.

२४ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरचा रुडॉल्फ, मूळचा समुद्रकाठच्या उत्तनचा. त्यालाही डायबेटीस, पण रोज राईपर्यंत जाऊन येतो आणि जिन्यात भेटेल त्याला सांगतो. त्याला म्हटलं, रविवारी मीही येतो, न थांबता. जोडीला बाई असली की पुरुषाचा वेग मरतो. तो म्हणाला, बघ बाबा, मी मागं बघत न्हाय.
सुचेता म्हणाली, अहो, मी मागून येते ना, लांबूनच. साफ नाही म्हणालो.

२६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी निघालो. रुडॉल्फ होडी सुटत असल्यासारखा चालतो. शेवंती मागे टाकली. बांगडीवाला मागे टाकला. स्टीलच्या दुकानापाशी पोटरीत कुणीतरी पक्कड घातली. बूट नवीन आहेत. रुडॉल्फ पुढून ओरडला, काय रे, ऱ्हायला काय? म्हटलं, जरा भांडी बघतोय. तो म्हणाला, दुकान बंद हाय. खरंच बंद होतं. मी शटर बघत होतो.
शेवटी मागे बघणार नाही म्हणणाराच मागे आला. खांद्याचा आधार देऊन मला शेवंतीपाशी आणलं. तिने टोपली उलटी करून बसवलं. रस्त्यावर, सगळ्यांदेखत, भाजीच्या टोपलीवर, मी. वर शेवंती विचारते, काका, आज ताई न्हाय? मंग तुमाला थांबवनार कोन? ताई रोज हळूच सांगते, शेवंते, भेंडी नको गं, यांचा पाय मोकळा होईस्तोवर बोलत ऱ्हा.
रुडॉल्फ तोंड फिरवून हसला. मी मुळ्याकडे बघत राहिलो.

२७ नोव्हेंबर
गच्चीवर गेलो. टाकीमागचं बिडीबंडल फेकून द्यायला. नव्हतं. त्याच्या जागी बडीशेपेची पुडी ठेवलेली, खडीसाखर न घातलेली.
म्हणजे सुचेताला तेही ठाऊक होतं.

२८ नोव्हेंबर
सुचेताबरोबर निघालो. मागून येऊ नको म्हणालो, त्याचा राग अजून गेलेला नाही. शेवंतीच्या अलीकडेच पोटरी बोलायला लागली. सुचेता आज थांबेना, सरळ समोर बघत चाललेली.
मग मीच वाकलो. शेवंतीला विचारलं, भेंडी कशी दिली? एकेक मोडून बघितली. सावकाश.
सगळी जून होती. घेतली नाही.