काचेपलीकडचे ओठ

बोरीवली पश्चिम,
१२ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
सर्वेशचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ठीक असाल, मी नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणता, म्हणून बोरीवलीहून मुलुंडला पत्र. काल पाकीट घेताना पोस्टातल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

सुलक्षणामावशी म्हणाली की कानाचं नवीन मशीन तुम्ही डब्यात घालून ठेवलंत, लावलं तरी बोललेलं कळत नाही म्हणालात. माझं डोकं सटकलं. शोभेच्या माशांचं दुकान शेटवर टाकून तडक घाटकोपरला त्या कान तपासायच्या सेंटरवर गेलो आणि चार पेशंटसमोर रेवतीला सुनावलं. टेस्ट घेता येत नाही तर म्हाताऱ्या माणसांच्या कानांशी खेळतेस कशाला, असं बोललो. ती म्हणाली, आजोबांचा ग्राफ वयाच्या मानाने चांगला आला होता, मशीन त्याच ग्राफवर बसवलंय. मी म्हटलं, ग्राफ गेला खड्ड्यात. तेवढ्यात तिच्या मॅडम बाहेर आल्या. आता म्हणे तिच्या इंटर्नशिपच्या शेऱ्यात हे लिहिणार. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. नऊ दिवस झाले.

मी बरोबरच होतो. पण वाट लागली ना आजोबा.

दुकानात झेब्रा मासे आले की आठवतंच. सेकंड इयरला, प्रिन्सिपॉलशी भांडून मी कॉलेज सोडायच्या आधी, आम्ही दोघे एकाच मायक्रोस्कोपवर होतो. त्या माशाच्या अंगावर बाजूने ठिपके असतात, त्यांत केसाळ पेशी. पाणी हललं की केस वाकतात आणि माशाला कळतं. रेवती म्हणाली, अशाच पेशी आपल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या नळीत असतात, एकेका कानात पंधराएक हजार. आईच्या पोटातच तयार होतात. आधी शेजारी शेजारी सगळ्या सारख्याच. मग त्यातली एक केसाळ व्हायला लागली की बाजूच्यांना खुणावते, तुम्ही होऊ नका, मला आधार द्या. मी विचारलं, मग मी कोण? म्हणाली, तू गोंगाट. ह्या एका शब्दावर मी सहा महिने खूश होतो.

माशाची केसाळ पेशी मेली तर आधाराची पेशी तिची जागा घेते. आपल्यात तसं नाही. गेली ती गेली.

माया कमी करू नका, दुसरीकडून सध्या आवक बंद आहे.

तुमचा,
सर्वेश


मुलुंड पूर्व,
१७ जानेवारी २०२५

चि. सर्वेश यास काशीरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, दोनदा वाचलं. मेल्या, त्या पोरीवर ओरडायच्या आधी मला विचारायचं होतंस. चूक तिची नाही. कॉपी मी केली.

गिरणीच्या विणाईखात्यात सोळा वर्षं काढली. शेकडो माग एकदम चालायचे. कानाशी तोंड नेलं तरी काही कळायचं नाही, म्हणून आम्ही ओठांवरून वाचायचो आणि हातांनी बोलायचो. चार मागांपलीकडून दादू ओठांनी सांगायचा की डब्यात बांगडा आहे, मी इथून दोन बोटं दाखवायचो, दोन तुकडे ठेव. सुटल्यावर रस्त्यानेसुद्धा आवाज न काढता गप्पा मारत जायचो. लोक येडे समजायचे. काय दिवस होते रे.

त्या सेंटरवर मला बंद खोलीत बसवलं. समोर काच, काचेपलीकडे ती. कानात आवाज आला की बोट वर करा म्हणाली. बटण दाबताना पोरगी खांदा जरासा उचलते. दोन मिनिटांत मी ओळखलं. तिचा खांदा हलला की माझं बोट वर. मग तिने शब्द म्हणायला लावले, ते ओठांवरून वाचले. सगळे बरोबर! केवढी खूश झाली ती.

का केलं विचारशील. तू तिच्याकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. पहिल्याच भेटीत मुलाचा आजोबा ठार बहिरा, असं नको वाटलं. नातसून बघायला माणूस नवा शर्ट घालून जातो, तसा मी चांगले कान घालून गेलो.

तू पेशींचं लिहिलंस ते वाचून माग आठवले. मागावर ताण्याचा धागा तुटला तर थांबवून गाठ मारायचो आणि परत चालू. कानात गाठ मारणारा कोणी नसतो हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी पाळीला गेलोच असतो म्हणा.

आता जा. माझी चूक माझ्या नावावर सांग आणि तुझ्या तोंडाची माफी वेगळी माग. दोन्ही एकात गुंडाळू नकोस.

तुझी आजी वनमाला असती तर तिने तुझा कान पिळला असता. मी नुसते आशीर्वाद देतो.

तुझा आजोबा,
काशीराम


बोरीवली पश्चिम,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

शनिवारी परत टेस्टला तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, म्हणून पाठीमागे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तेच लिहितो.

त्याआधी मी जाऊन माफी मागितली होती, दोन्ही वेगवेगळं. तुमची कॉपी ऐकून ती कपाळाला हात लावून हसली. माझं ऐकून हसली नाही. खुर्ची फिरवून ठेवायला हवी होती, तेवढं माझं चुकलं, म्हणाली आणि मॅडमना जाऊन तसंच सांगून आली. मला फक्त एवढंच, शनिवारी त्यांना घेऊन ये.

शनिवारी तिने मला दुसरा हेडफोन दिला, तुमच्या कानात जातं तेच ऐकायला. ती बटण दाबत होती आणि तुमचं बोट मांडीवर. आवाज वाढवला, तरी मांडीवर. माझ्या कानात शिट्टी किंचाळत होती आणि तुम्ही शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतात. रेवतीने सांगितलं, उंच पट्टीच्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात, मागांचा मार त्यांनी पहिला खाल्ला. स, श ही अक्षरं तिथेच हरवतात. म्हणजे माझं नाव जन्मापासून तुम्हाला अर्धंच ऐकू आलं. उरलेलं तुम्ही माझ्या आईच्या ओठांवरून घेतलंत.

मी रडलो. तुमच्या पाठीमागे, तिच्यासमोर. तिने बघितलं आणि पुढचं बटण दाबलं.

नंतर मी पाणी आणायला गेलो. परत येतो तर तुम्ही खुर्ची फिरवलेली, आणि ती काचेपलीकडून तुमच्याशी आवाज न काढता काहीतरी बोलत होती. तुम्ही मान हलवलीत. मला बघून दोघे गप्प. मुलुंडपर्यंत बसमध्ये विचारलं, तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात.

काय म्हणाली? आजोबा, यार, प्लीज. रोज तीन वेळा फोन लावतो, ती उचलत नाही. शेट म्हणतो, मासे तुझ्यापेक्षा जास्त जेवतात.

उलट टपाली लिहिलंत तरच तुमचा,
सर्वेश


मुलुंड पूर्व,
८ फेब्रुवारी २०२५

चि. सर्वेश यास अ. उ. आशीर्वाद.

बसमध्ये सांगितलं नाही, कारण तू बसमध्येच ओरडला असतास.

ती म्हणाली, आजोबा, तो ओरडतो तेव्हा मला त्याचं एकही अक्षर ऐकू येत नाही. हळू बोलायला लागला की मला कळवा, फोन मी करीन.

आता माझं ऐक. मशीन नव्याने लावून घरी आलो. पाणी मागितलं आणि कोणीतरी केवढ्यानं खेकसलं. मी दचकून मागे बघितलं. कोणी नाही. तो मीच होतो. सुलक्षणाला विचारलं, मी असाच बोलतो? म्हणाली, मला कळतं तेव्हापासून. आणि वनमाला काही म्हणायची नाही? म्हणाली, आई आम्हाला दटावायची, त्यांना सांगू नका गं, त्यांना वाटतंय ते हळूच बोलतायत.

एकोणचाळीस वर्षांचा संसार, सर्वेश. चहा दे म्हटलं ते ओरडून. बरी आहेस ना म्हटलं ते ओरडून. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिच्या उशाशी बोललो तेसुद्धा, आता कळतं, सगळा वॉर्ड का वळून बघत होता ते.

माझ्या कानात ऐकणाऱ्या पेशी पुरेशा उरल्या नव्हत्या. तुझ्या सगळ्या शाबूत आहेत. तू कशाला ओरडतोस?

रविवारी ये. फोन लावणं बंद कर आणि ये. दोघे समोरासमोर बसून हळू बोलायचा सराव करू. जमलं की त्या पोरीला मी स्वतः कळवतो.

हे सगळं हळू आवाजात वाच.

काशीराम