चिंतामणी म्हणजे कुठला निळा

८ जुलै, मंगळ.
"तू तिचे डोळे हो." काचबिंदूने ताईची दृष्टी गेली, त्या वर्षी आई म्हणाली होती. आज ते वाक्य दिवसभर डोक्यात.
केतकीचं, ताईच्या लेकीचं, लग्न ठरलं. ताईला फोन केला, रविवारी मांजरीला तुझ्या घरी येते, तुझी साडी लक्ष्मी रोडवरून आणू. म्हणाली, "नको. या वेळी माझी मी घेणार. तू वेबसाइट केलीस ना त्या साड्यांच्या दुकानाची? तिथूनच."
आनंद व्हायला हवा होता.

१० जुलै, गुरु.
ताईचा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचतो. आमची साइट तो कशी वाचतो, ते तिने मला ऐकवलं. "चित्र. बटण. चित्र. बटण. बटण."
"शर्टांचं दुकान आहे का गं तुमचं?"
बटणांना नावं नाहीत, फोटोंना वर्णनं नाहीत. आमच्या खराडीच्या ऑफिसात याच साइटचं केवढं कौतुक झालं होतं. दिसायला सुंदर आहेच. दिसायला.

१६ जुलै, बुध.
दुकानाच्या मालकांकडे. काय काय बदलायला हवं ते सांगितलं. म्हणाले, "आंधळी माणसं साड्या बघणार? उद्या बहिऱ्यांसाठी सनई लावा म्हणाल."
मी त्यांच्या फोनवर वाचणारा आवाज सुरू केला, पडदा काळा केला आणि म्हटलं, तुमच्याच दुकानातून एक साडी घेऊन दाखवा. बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग उगाच चष्मा पुसला.
"करा. पण दिसण्यात फार फरक पडता कामा नये."

२९ जुलै, मंगळ.
वर्णनं लिहितेय. 'निळी साडी, जरीचे काठ.' ताईला वाचून दाखवलं.
"निळी म्हणजे? चिंतामणी की मोरपंखी? मी रंग पाहिलेत गं."
पाहिलेत. मी विसरूनच गेले होते.
पुन्हा पहिल्यापासून. चिंतामणी, अबोली, डाळिंबी, श्रीखंडी. ऑफिसातल्या मुली आधी हसल्या, मग विचारायला लागल्या, चिंतामणी म्हणजे एक्झॅक्टली कुठला निळा? शब्दांत सांगताना मीही ते रंग पहिल्यांदाच नीट पाहिले.

३ सप्टें., बुध.
मालकांचा फोन. गौरींसाठी गेलेल्या साड्यांत 'रंग वेगळाच निघाला' म्हणून परत आलेल्या यंदा कमी. ज्यांना नीट दिसतं ती माणसंही वर्णनं वाचतायत. आणि अक्षरं ठळक झाल्यापासून वयस्कर बायका नातवंडांना न विचारता साड्या मागवतायत. "वाईट नाही झालं," म्हणाले. पुण्यात हा सत्कार समजायचा.
ताईला सांगितलं.
"चला, म्हणजे तू सुटलीस."
हसत म्हणाली. तरी.

७ सप्टें., रवि.
मांजरीला. ताई खिडकीशी फोन कानाला लावून साड्या ऐकत बसली होती. माझेच शब्द, त्या यंत्राच्या सपाट आवाजात. सवयीने म्हणून गेले, तुला मोतिया रंग खुलतो.
तिने फोन थांबवला.
"इतकी वर्षं तुझ्या आवडीचे रंग नेसले. वाईट नव्हते. पण तुझ्या आवडीचे."
भांडण वगैरे काही नाही. मग चहा झाला, केतकीच्या सासरचा विषय झाला. निघताना तिने नेहमीसारखा माझा चेहरा चाचपला. गालावर हात जरा जास्त वेळ. ओलं लागलं असणार.

२६ सप्टें., शुक्र.
ताईने साडी मागवली. एकटीने. कुठली ते सांगत नाही.
ऑफिसात बसून मला कळू शकतं. ऑर्डरचं पान उघडलं, आणि न बघताच बंद केलं.
काम चांगलं झालं, सगळे म्हणतात. आई 'डोळे हो' म्हणाली, कधीपर्यंत ते बोलली नाही.
पार्सल सोमवारी येईल. मेसेज लिहून ठेवलाय. नको म्हणेल, माहीत आहे. तरी पाठवते:
ताई, उघडशील तेव्हा येऊ का? रंग सांगणार नाही. नुसती शेजारी बसेन.